शेपटी हलवणारे कोल्हे

स्वभावाला औषध नाही, असे आपण सहज बोलून जातो. एखादे पोर बापासारखे तापट निघाले की ते रक्तातच आहे म्हणतो, आणि तेच पोर बिघडले की संगतीला दोष देऊन मोकळे होतो. जनावरांच्या बाबतीत मात्र आपण इतके गोंधळत नाही. मारक्या गाईची कालवड घेताना शेतकरी दोनदा विचार करतो. पण स्वभाव वंशात खरोखर किती उतरतो, आणि निव्वळ स्वभाव पाहून पिढ्यान्‌पिढ्या निवड केली तर काय होते, याचे प्रयोगातून मिळालेले सर्वांत ठोस उत्तर सैबेरियाच्या थंडीत, कोल्ह्यांच्या पिंजऱ्यांमध्ये सापडले. ते शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव दिमित्री कॉन्स्तान्तिनोविच बेल्याएव.

त्यांनी हे काम सुरू केले तेव्हा त्यांच्या देशात जनुकांवर विश्वास ठेवणे हा गुन्ह्यासारखा प्रकार होता. त्याची किंमत त्यांच्या घराने आधीच मोजली होती.

बेल्याएव यांचा जन्म १९१७ सालचा, म्हणजे रशियन क्रांतीच्याच वर्षातला. कोस्त्रोमा प्रांतातल्या प्रोतासोवो या खेड्यात त्यांचे वडील धर्मगुरू होते. नव्या राजवटीत धर्मगुरूच्या मुलांना शिक्षणाची दारे जवळजवळ बंदच असत. म्हणून दहाएक वर्षांच्या दिमित्रीला मॉस्कोला थोरल्या भावाकडे पाठवण्यात आले. हा भाऊ, निकोलाय, त्याच्याहून तब्बल अठरा वर्षांनी मोठा; एका अर्थी दुसरा बापच. आणि तो होता आनुवंशशास्त्रज्ञ. सर्गेई चेत्वेरिकोव्ह यांच्याभोवती फळमाशांवर काम करणारा जो हुशार तरुणांचा गट मॉस्कोत जमला होता, त्यात निकोलाय होता. पुढे तो रेशीमकिड्यांकडे वळला. जनुके, उत्परिवर्तन, निवड हे शब्द धाकट्या भावाच्या कानावर पडले ते बहुधा याच घरात.

१९३७ साली निकोलायला अटक झाली आणि त्याच वर्षी गोळी घालण्यात आली. तेव्हा दिमित्री वीस वर्षांचे होते आणि इवानोवोच्या कृषी संस्थेत शिकत होते.

निकोलायचा बळी ही एकट्या घराची कहाणी नव्हती. त्रोफिम लायसेन्को नावाच्या कृषितज्ज्ञाचा तो चढता काळ होता. मेंडेलचे नियम आणि जनुके ही भांडवलदारांची थोतांडे आहेत, पिकाला योग्य परिस्थितीत वाढवले की त्याचा वंशच बदलतो, असा त्याचा दावा. स्टॅलिनला तो मानवला, कारण माणूस असो की गहू, हवा तसा घडवता येतो हे ऐकायला सत्तेला आवडतेच. निकोलाय वाविलोव्ह यांच्यासारखा जागतिक कीर्तीचा वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावला. अशा काळात दिमित्री बेल्याएव यांनी शिक्षण पूर्ण केले आणि मॉस्कोच्या फर-प्राणी पैदास प्रयोगशाळेत नोकरी धरली. मग महायुद्ध आले. साधा शिपाई म्हणून ते आघाडीवर गेले आणि मेजर होऊन परतले. परत आल्यावर त्यांनी प्रबंध लिहिला तो कोल्ह्यांच्या रुपेरी लोकरीवर.

इथे शब्दाचा थोडा खुलासा केलेला बरा. आपल्या शिवारात रात्री कोल्हेकुई करणारा तो कोल्हा म्हणजे जॅकल. इंग्रजीतल्या फॉक्सला मराठीत खोकड म्हणतात. बेल्याएव यांचे प्राणी याच दुसऱ्या कुळातले. लाल खोकडाचाच काळसर-चंदेरी केसांचा प्रकार. पण आपल्याकडे त्याला रुपेरी कोल्हा म्हणण्याचा प्रघात आहे, म्हणून इथेही कोल्हाच म्हणू.

सोव्हिएत संघाला या कोल्ह्यांच्या कातड्यांतून परकीय चलन मिळे. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण पुढे तोच बेल्याएव यांच्या कामी आला. १९४८ साली कृषी अकादमीच्या अधिवेशनात लायसेन्कोने आनुवंशशास्त्रावर उघड बंदीच आणली. देशभर विभाग बंद पडले, पुस्तके बाजूला काढली गेली, प्राध्यापकांची हकालपट्टी झाली. बेल्याएव यांचे विभागप्रमुखपद गेले, पण नोकरी टिकली. चलन मिळवून देणाऱ्या धंद्यातल्या जाणकाराला पुरते हाकलणे कुणालाच परवडणारे नव्हते.

फरच्या धंद्यात राहून त्यांच्या डोक्यात एक जुना प्रश्न घोळत होता. कुत्रा, डुक्कर, गाय, घोडा, शेळी हे सगळे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या ठिकाणी माणसाळले. तरी त्यांच्यात काही गोष्टी सारख्याच दिसतात. अंगावर पांढरे ठिपके, लोंबते कान, वळलेली शेपटी, आखूड तोंड, वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा वीण. त्यांच्या रानटी भाईबंदांत यातले काहीच नसते. लोंबत्या कानांची नोंद तर डार्विननेही केली होती. आता प्राचीन माणसाने काही लोंबते कान हवेत म्हणून लांडगे पाळले नसतील. मग हे सगळे एकत्र कुठून आले?

बेल्याएव यांचा तर्क धाडसी होता. आदिमानवाने निवडले असेल ते एकच: जवळ गेल्यावर जो प्राणी चावत नाही आणि पळतही नाही तो. या एका निवडीबरोबर बाकीची लक्षणे आपोआप ओढली गेली असावीत. कारण भीती आणि राग यांच्या मुळाशी संप्रेरके असतात, आणि ती शरीरात आणखी शंभर कामे करत असतात. तर्क तपासायचा मार्गही त्यांनी सुचवला. जो प्राणी कधीच माणसाळला गेला नाही तो घ्यायचा, फक्त स्वभाव पाहून निवडायचा आणि वाट बघायची. कोल्हा वर्षातून एकदाच वितो. म्हणजे वर्षाला एक पिढी. हे काम एका आयुष्यात संपणारे नाही, हे त्यांना ठाऊक असणारच.

१९५२ च्या सुमारास त्यांनी एस्टोनियातल्या कोहिला इथल्या फर-फार्ममध्ये नीना सोरोकिना यांच्या मदतीने गुपचूप चाचपणी केली. सर्वांत शांत कोल्हे निवडून त्यांचीच वीण घ्यायची, एवढेच काम. कुणी विचारलेच तर सांगायचे कारण तयार होते: वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा विणारे कोल्हे मिळाले तर कातडी वाढतील. ते खोटेही नव्हते. फक्त अर्धे होते.

स्टॅलिनच्या मृत्यूनंतर हवा थोडी निवळली. नोवोसिबिर्स्कजवळ अकादेमगोरोदोक ही विज्ञाननगरी उभी राहत होती. तिथे पेशीविज्ञान व आनुवंशशास्त्र संस्था सुरू झाली आणि संचालक निकोलाय दुबिनिन यांनी १९५८ साली बेल्याएव यांना बोलावून घेतले. मॉस्कोपासून दूर म्हणजे लायसेन्कोपासून दूर. पण पुरते दूर नाही. १९५९ साली ख्रुश्चेव्ह तिथे आले आणि या संस्थेवर नाराज झाले. पत्रकार असलेल्या त्यांच्या मुलीने, रादाने, वडिलांची समजूत घातली म्हणून संस्था वाचली, असे सांगतात. दुबिनिन मात्र गेले आणि त्यांच्या जागी बेल्याएव आले. पुढची सव्वीस वर्षे, मृत्यूपर्यंत, ते त्या खुर्चीवर होते.

त्याच वर्षी खरा प्रयोग सुरू झाला. रोजचे काम त्यांनी मॉस्को विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ल्युदमिला त्रुत यांच्यावर सोपवले. ही निवड बेल्याएव यांच्या आयुष्यातली बहुधा सर्वांत शहाणी निवड होती. ३० नर आणि १०० माद्या, बहुतेक एस्टोनियाच्या फर-फार्ममधल्या, एवढ्यांपासून सुरुवात झाली. फार्मवरच्या कोल्ह्यांपैकी बहुतेक माणूस दिसला की दात विचकत किंवा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दडून बसत. भीती किंवा राग न दाखवणारे जेमतेम दहा टक्के. त्यांनाही जाड हातमोजे न घालता हात लावणे धोक्याचे होते.

चाचणी साधी होती. पिल्लू महिन्याचे झाले की एका हाताने खाऊ पुढे करायचा आणि दुसऱ्या हाताने त्याला कुरवाळायचा प्रयत्न करायचा. ते कसे वागते याची नोंद. दर महिन्याला हेच, सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत. मग निवड, आणि तीही कडक: नरांपैकी फार तर चार-पाच टक्के आणि माद्यांपैकी सुमारे वीस टक्केच पुढच्या पिढीचे आईबाप होत. या कोल्ह्यांना शिकवले जात नसे, माणसाचा सहवासही मोजून-मापून मिळे. कारण लळा लावून माणसाळलेला कोल्हा त्यांना नको होता; स्वभावात फरक पडला तर तो वंशातूनच आलेला असला पाहिजे, ही अट होती. निवडीतून गळालेल्यांचे काय, हे वाचकाच्या मनात येईलच. तो फर-फार्म होता. मैत्रीच्या विज्ञानाचा खर्च त्या कातड्यांवरही चालला होता, हे विसरू नये.

चौथ्या पिढीत, १९६३ साली, एका पिल्लाने त्रुत यांना पाहून शेपटी हलवली. कोल्हे माणसाला पाहून शेपटी हलवत नाहीत, ते कुत्र्यांचे लक्षण. सहाव्या पिढीपर्यंत असे कोल्हे जन्मले जे माणूस जवळ यावा म्हणून कुंई-कुंई करत, हात चाटत, अंग हुंगत. त्यांच्यासाठी नोंदवहीत नवा वर्ग करावा लागला. त्याचे नाव ‘एलिट’. दहाव्या पिढीत अशी पिल्ले १८ टक्के होती, विसाव्या पिढीत ३५ टक्के, आणि चाळीस वर्षांनंतर ७० ते ८० टक्के.

आणि बेल्याएव ज्याची वाट पाहत होते तेही घडले. आठव्या ते दहाव्या पिढीच्या सुमारास काही पिल्लांच्या कपाळावर पांढरा ठिपका आला. कुणाचे कान लोंबते राहिले, कुणाची शेपटी वर वळली. पुढच्या पिढ्यांत आखूड शेपट्या, आखूड पाय दिसू लागले. यातले एकही लक्षण कुणी निवडले नव्हते.

शरीरात काय बदलत होते? अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारी तणावाची संप्रेरके मोजली गेली. बारा पिढ्यांनंतर रक्तातली त्यांची पातळी साध्या कोल्ह्यांच्या निम्म्याहून थोडीच जास्त उरली होती. २८ ते ३० पिढ्यांनंतर ती आणखी निम्मी झाली. मेंदूतले सेरोटोनिन वाढले होते. पण सर्वांत बोलका बदल वेळापत्रकाचा होता. माणसाळलेल्या वंशाची पिल्ले इतरांपेक्षा दोन दिवस आधी आवाजाला प्रतिसाद देत आणि एक दिवस आधी डोळे उघडत. उलट, साध्या पिल्लांत सहाव्या आठवड्याच्या सुमारास जी भीती जागी होते, ती यांच्यात नवव्या आठवड्यापर्यंत लांबे. म्हणजे जगाची ओळख लवकर सुरू आणि भीती उशिरा. मधल्या त्या खिडकीतच प्राणी ठरवतो की आपले कोण. ही खिडकी वंशानेच रुंद झाली होती.

तरी शंका घ्यायला जागा होतीच. शांत आईजवळ वाढलेले पिल्लू आईचे पाहून शांत होत असेल तर? साधारण १९७० पासून बेल्याएव यांनी उलट दिशेचाही एक वंश वाढवला होता: सर्वांत चिडखोर तेवढेच निवडायचे. या कोल्ह्यांजवळ जायला कामगार कचरत. मग त्रुत यांनी नाजूक शस्त्रक्रिया करून शांत मादीच्या गर्भाशयात चिडखोर वंशाचे भ्रूण ठेवले आणि चिडखोर मादीच्या गर्भाशयात शांत वंशाचे. पिल्ले कोणाची हे त्यांच्या रंगावरून ओळखता येत होते. शांत आईच्या पोटी जन्मून, तिच्याच दुधावर वाढूनही चिडखोर वंशाची पिल्ले माणसावर गुरगुरली. चिडखोर आईची, पण शांत वंशातली पिल्ले माणसाकडे धावली. लायसेन्कोच्या शिकवणीला याहून सरळ उत्तर देता आले नसते. तोवर लायसेन्कोची सत्ता संपली होती, पण संस्थेच्या संचालकाला ते उत्तर कुणासाठी आहे हे नक्कीच ठाऊक असेल.

म्हणून स्वभाव म्हणजे निव्वळ जनुके, असा अर्थ काढू नये. माणसासमोर कोल्हा कसा वागतो यातल्या फरकांपैकी सुमारे ३५ टक्के भाग आनुवंशिक असल्याचे या कोल्ह्यांच्या अभ्यासातून दिसले. उरलेला मोठा भाग परिस्थितीचा. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीला एवढी पकड पुरेशी ठरते. आणि लळ्याचे काय, हेही त्यांनी पाहिले. १९७४ साली त्रुत पुशिंका नावाच्या कोल्हिणीसह फार्मवरच्या एका छोट्या घरात राहायला गेल्या. पुशिंकाने त्याच घरात पिल्ले घातली. पुढे एका रात्री घराजवळ अनोळखी चाहूल लागली तेव्हा ती कुत्र्यासारखी भुंकत धावून गेली. माणसाला न भिणाऱ्या वंशातल्या प्राण्याने आपला माणूस आणि परका माणूस असा भेद केला होता. राखण करायला तिला कुणी शिकवले नव्हते.

सहकार्याच्या उत्क्रांतीचा प्रश्न नेमका इथे येतो. १९६४ साली, म्हणजे हे कोल्हे शेपट्या हलवू लागले त्याच सुमारास, ब्रिटनमध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी गणित मांडले की प्राणी आपल्या रक्ताच्या नातलगांसाठी झीज का सोसतो: नातलगांत त्याचीच जनुके असतात. ते गणित मदतीचा हिशेब सांगते. बेल्याएव यांच्या कोल्ह्यांनी दाखवली ती त्याच्याही आधीची पायरी. दुसऱ्याच्या जवळ शांतपणे उभे राहता आले तरच मदतीची वेळ येते. जो प्राणी माणूस दिसताच दात विचकतो, तो कितीही हुशार असला तरी माणसाबरोबर काही करू शकत नाही.

याचा पुरावा बेल्याएव यांच्या पश्चात आला. अमेरिकी संशोधक ब्रायन हेअर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये या कोल्ह्यांच्या पिल्लांसमोर दोन भांडी ठेवली आणि एकाकडे बोट दाखवले. माणसाचा इशारा ओळखून खाऊ शोधण्यात ही पिल्ले कुत्र्याच्या पिल्लांइतकीच तरबेज निघाली. साधे कोल्हे मागे पडले. गंमत अशी की इशारे समजण्यासाठी कुणी त्यांची निवड केलीच नव्हती. भीती गेली आणि समज मोकळी झाली.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत बेल्याएव हाच धागा माणसापर्यंत नेऊ पाहत होते. १९७८ साली मॉस्कोत चौदावी जागतिक आनुवंशशास्त्र परिषद भरली. ज्या शहरात त्यांच्या भावाचे शास्त्र गाडले गेले, त्याच शहरात. पुढची परिषद १९८३ च्या डिसेंबरात नवी दिल्लीत झाली. आनुवंशिकी, समाज आणि व्यक्तिमत्त्व या विषयावरचा त्यांचा निबंध तिच्या इतिवृत्तात आहे. माणसानेही आपल्यातल्या फार आक्रमकांना मागे सारत स्वतःलाच माणसाळवले असावे, हा विचार आज बरेच अभ्यासक गंभीरपणे घेतात. कोल्ह्यांच्या प्रयोगाइतका तो पक्का नाही. माणसांवर असा प्रयोग कुणी करणार नाही, हे एका परीने बरेच आहे.

१४ नोव्हेंबर १९८५ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने बेल्याएव यांचे निधन झाले. वय ६८. प्रयोग त्रुत यांनी पुढे चालू ठेवला. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा कोल्ह्यांना खाऊ घालायलाही पैसे नव्हते, कळप रोडावत गेला. १९९९ मध्ये त्रुत यांनी एका अमेरिकी नियतकालिकात चाळीस वर्षांची हकिकत लिहिली, तेव्हा कुठे जगभरातून मदत आली.

त्यानंतर टीकाही झाली. २०१९ मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिले की एस्टोनियातले ते मूळ कोल्हे पूर्णपणे रानटी नव्हतेच. त्यांचे पूर्वज कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या फर-फार्ममधले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पिंजऱ्यात वाढलेले. पांढरे ठिपके तिथल्या काही कोल्ह्यांत आधीपासूनच होते. म्हणजे ठिपके आणि कान माणसाळण्यासोबत आपोआप येतात, हा बेल्याएव यांचा निष्कर्ष आता जपूनच मांडावा लागतो. टीका रास्त आहे. स्वभावाबद्दलच्या मूळ निष्कर्षाला मात्र तिने धक्का लागत नाही. २०१८ साली लाल कोल्ह्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि शांत, चिडखोर व साध्या वंशांची तुलना झाली. फरक दाखवणारे १०३ भाग त्यात सापडले. त्यांतले एक जनुक, ‘सॉर्सीएस१’, मेंदूतल्या पेशी एकमेकींशी संदेशांची देवाणघेवाण करतात तिथे काम करते. ते कोल्ह्याच्या वागण्यात नेमके काय बदलते, यावर अजून अभ्यास चालू आहे.